करवत सरळ चालेना

मंजुषाने पाना रागाने भुशात फेकला आणि लगेच तोच पाना शोधायला भुशात कोपरापर्यंत हात घालून बसली. सकाळपासून हेच चाललं होतं. बोल्ट सैल कर, मशीनचं टेबल जरा सरकव, बोल्ट आवळ, माप घे, माप चुकीचं, पुन्हा बोल्ट सैल कर. लोखंडी टेबलाच्या मधून वर आलेली गोल करवत, म्हणजे सगळे जिला नुसतं ब्लेड म्हणतात ती, पुढून बघावी तर बरोबर आणि मागून बघावी तर वाकडी. टेबल सरकवलं की मागून बरोबर आणि पुढून वाकडी. आता ब्लेड काय चेष्टा करतंय का माणसाची?

रोडपालीत भागीरथी आजींच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे मंजुषा देव्हारे बनवते. सागवानी, छोटे, फ्लॅटच्या कोपऱ्यात बसतील असे. बनवते म्हणजे काय, लाकूड कापायचं काम तिचा दीर रणजीत करायचा आणि घासणं, पॉलिश, घंटा लावणं, गिऱ्हाईकाशी बोलणं आणि गिऱ्हाईकाशी भांडणं हे सगळं मंजुषाकडे. त्यातलं शेवटचं काम तिला सगळ्यात छान जमतं. कोरेगावकडची बाई आहे. लग्न होऊन कळंबोलीत आली, तळोज्याला एका कंपनीत पॅकिंगला गेली. तिथे सुपरवायझरला एकदा असं काही सुनावलं की पूर्ण लाईन थांबून ऐकत होती. दुसऱ्या दिवशीपासून ती घरी. मग रणजीतने घरातल्या उरलेल्या फळ्यांचा एक देव्हारा केला, तिने तो पॉलिश केला, शेजारणीने बघितला, तिच्या बहिणीने बघितला, आणि बघता बघता शेड झाली, मशीन आलं, बोर्ड लागला. नवरा जयप्रकाश ट्रेलर चालवतो, तो कायम उरणला कंटेनरच्या रांगेत. म्हणजे खरं सांगायचं तर धंदा या दोघांचाच, वहिनीचा आणि दिराचा.

आणि आता दीर चालला होता.

झालं असं की भागीरथी आजींनी स्वतःसाठी देव्हारा सांगितला होता. आजी जागेच्या मालकीण. एकेकाळी त्यांची खाडीला लागून भातशेती होती, आता तिथे त्यांच्या मुलाची बिल्डिंग उभी आहे, आणि बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर आजींचा नवीन फ्लॅट. देव्हारा तयार झाला म्हणून परवा आजी बघायला आल्या, सोबत सून, सुनेची आई, अजून एक कोणीतरी मावशी. आजींनी देव्हाऱ्याची दोन दारं लावली. मध्ये फट राहिली. बारीक नाही, चांगली डोळ्यात भरणारी. आणि दारांच्या कडा काळपट, जळल्यासारख्या.

"बाय, या फटीतशी माजा देव भायेर डोकावंल," आजी म्हणाल्या. त्या हसत म्हणाल्या होत्या. पण सुनेची आई पण हसली, आणि मंजुषाचं तिथेच डोकं फिरलं.

रणजीत शांतपणे सांगत होता की वहिनी, मी दसऱ्यापासून बोलतोय, ब्लेड डुलतंय, खाच रुंद पडतेय, एकदा मशीन खोलून बघू. ती ऐकेल तर शपथ. दसऱ्याला तिने स्वतःच्या हाताने मशीन घासून पुसून चकाचक केलं होतं, तेव्हा रणजीत गावाला होता, आणि आता हा त्याच मशीनला नावं ठेवतोय. तिने चार बायकांसमोर त्याला सांगून टाकलं, "मशीन वाकडं नाही भावजी, तुमचा हात वाकडा झालाय. मोबाईलवरून नजर काढा म्हणजे लाकूड दिसेल."

रणजीतने हाताचा भुसा झटकला, गॉगल काढून खिळ्याला टांगला आणि गेला. संध्याकाळी जेवताना ताटावर नजर ठेवूनच म्हणाला की उरणच्या वेअरहाऊसमध्ये मित्र कधीपासून बोलावतोय, सोमवारी हजर होतो. मंजुषाने त्याला भाकरी वाढली. तिला खूप काही बोलायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

मग काल ती शेडमध्ये एकटीच आली. मशीन चालू केलं, फळीचा एक तुकडा घेतला, गाईड पट्टीला नीट चिकटवून सरकवला. रणजीत जसा सरकवतो तसाच, हळू, सारखा जोर देऊन. तुकड्याची कड काळी. जळका वास. खाच ब्लेडपेक्षा रुंद. दुसरा तुकडा घेतला, तेच. म्हणजे हात वाकडा नव्हता. म्हणजे तो बरोबर बोलत होता, आणि दसऱ्यापासून बोलत होता.

एखादीने सरळ फोन उचलून सांगितलं असतं, चुकलं माझं. पण ही मंजुषा. तिने ठरवलं की आज रविवारचा दिवस आहे, आपणच मशीन दुरुस्त करायचं, दोन सरळ दारं कापायची, ती त्याच्या समोर ठेवायची आणि म्हणायचं, बघा, झालं चालू, या कामावर. सॉरी न म्हणता जमलं तर बरंच.

तर प्लग काढून ठेवला आणि व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाने पाच मिनिटांत करून दाखवलं. म्हणे टेबलावर जी सरळ खाच असते, तिच्यापासून ब्लेडचं अंतर पुढे आणि मागे सारखं पाहिजे. नसेल तर खालचे बोल्ट सैल करून टेबल सरकवा. सोपं आहे की, ती म्हणाली. गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, खाचेला लावला, पट्टीने पुढचं माप घेतलं, मागचं घेतलं. फरक होता. सापडलं, तिला वाटलं. टेबल सरकवलं, बोल्ट आवळले. ब्लेड हाताने फिरवून पुन्हा माप घेतलं. फरक उलट्या बाजूला.

दुपार झाली तरी तेच. एकदा माप जुळलं पण. मशीनला हात जोडायचीच बाकी होती. मग खात्री करायला म्हणून ब्लेड थोडं फिरवलं आणि माप परत गेलं. टेबल जागचं हललं नव्हतं, बोल्ट कडक होते, तरी माप बदललं. अशा वेळी माणसाला वेड लागायची पाळी येते. तिने मशीनला लाथ मारली, चप्पल तुटली, अंगठा दुखला आणि मशीनला काही झालं नाही.

तेवढ्यात जयप्रकाशचा फोन. तो रांगेतच होता, आणि रांगेत बसलेल्या माणसाला सल्ले फार सुचतात. म्हणाला, अगं त्याला फक्त एक सॉरी बोल, तो मऊ आहे, विरघळेल. ती म्हणाली, तुम्ही तुमचा कंटेनर बघा. फोन ठेवला. मग ठेवल्याचं वाईट वाटलं. मग त्याचाही राग आला.

भागीरथी आजी मागच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर सुकट निवडत बसल्या होत्या आणि सगळं बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, त्या पोराला बोलव गो, त्याला येतंय ते. मंजुषा म्हणाली, मलापण येतं आजी. आजींनी एकदा तुटक्या चपलेकडे बघितलं आणि परत सुकटीत डोकं घातलं.

शेवटी तिने रागाच्या भरात ब्लेडच काढायला घेतलं. याच्यात काही विचार होता असं नाही, उघडायला अजून दुसरं काही शिल्लक नव्हतं. नट सोडला, बाहेरचा वायसर काढला, ब्लेड काढलं. आणि आतला जो जाड वायसर असतो, ज्याला ब्लेड टेकून बसतं, त्याच्यावर तिला लाल दिसलं.

पहिल्यांदा वाटलं गंज. नखाने खरवडलं. गंज नव्हता. कुंकू होतं. हळद, कुंकू आणि मशीनचं तेल, तिन्ही सुकून कडेला एकाच जागी पापुद्रा झालेला, आणि त्याच्यात चिकटून चपटे झालेले तांदळाचे दाणे. अक्षता.

ती तशीच बसली भुशात.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिने पूजा केली होती ना. माहेरी तिची आई कोयता, खुरपं, विळी सगळं घासून पुजायची, विहिरीवरच्या मोटरला पण कुंकू लावायची आणि म्हणायची, वरवर पुसून देव फसत नाही, आतून स्वच्छ करा. मग हिने पूर्ण ब्लेड खोललं. सोड्याने धुतलं, पुसलं, सगळे भाग पेपरावर ओळीने मांडले आणि एकेकाला ओल्या बोटाने हळद, कुंकू, अक्षता. नटला, ब्लेडला, पट्ट्याला. आणि वायसरला, दोन्ही बाजूंनी, कारण ती मनापासून करत होती. मग सगळं तसंच पुन्हा जोडलं आणि नट जोर लावून आवळला. तेव्हापासून ब्लेड त्या पापुद्र्यावर एका बाजूने कणभर उचललेलं होतं, आणि फिरताना डुलत होतं. म्हणूनच ते थोडं फिरवलं की माप बदलत होतं. टेबल बिचारं पहिल्यापासून सरळच होतं.

होतं. कारण सकाळपासून तिने ते दहादा सरकवलं होतं.

हे लक्षात आल्यावर मात्र तिला रडूच आलं. म्हणजे जे बिघडलं होतं ते तिने बिघडवलं, आणि दुरुस्त करायला जाऊन जे चांगलं होतं ते पण बिघडवलं. फडकं रॉकेलमध्ये बुडवून वायसर पुसला, लख्ख केला, ब्लेड बसवलं. हाताने फिरवलं. एकदम स्थिर, जरा पण डुलत नव्हतं. पण आता ते टेबलाला खरोखरचं तिरकं होतं. आणि ते सरळ करायला टेबल वरून बारीक ठोकून जागेवर धरायचं आणि त्याच वेळी कोणीतरी खाली झोपून बोल्ट आवळायचे. एकटीने होतच नव्हतं. बोल्ट आवळताना टेबल परत केसभर सरकायचं. आजींना बोलावलं, आजींनी पदर खोचून टेबल धरलं, आणि बोल्ट आवळायच्या आत त्यांना शिंक आली.

आता फोन करण्याशिवाय इलाज नव्हता. फोन नाही केला, मेसेज टाकला. काय टाकला, तर 'तुमची हत्यारं घेऊन जा, मला जागा लागते'. पाठवल्या पाठवल्या तिने कपाळावर हात मारला. डिलीट करणार तेवढ्यात निळ्या खुणा आल्या.

रणजीत आला तो तोंड पाडून. पाठीला रिकामी सॅक. सरळ फळीवरची पटाशी, रंधा, त्याचा लाडका छोटा हातोडा एकेक करून सॅकमध्ये भरायला लागला. मंजुषा मशीनपाशी उभी. लाल झालेलं फडकं तिने पायाने मशीनखाली ढकललं होतं.

"भावजी, दोन मिनिटं टेबल धरा. मग जा."

"का? सरळ आहे ना मशीन."

"धरा म्हटलं ना."

तो धरणार नाही असं वाटत होतं. पण सुतारकाम करणाऱ्या माणसाला सैल बोल्ट बघवत नाही. वाकून त्याने खाली बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. विचारलं, कोणी सोडले हे सगळे. ती म्हणाली, मी. तो म्हणाला, चारही? ती म्हणाली, चारही. त्याने सॅक खाली ठेवली.

मग दोघं कामाला लागले. त्याने पेन्सिलने ब्लेडच्या एका दातावर खूण केली, त्या दाताशी पुढे माप घेतलं, मग ब्लेड फिरवून तोच दात मागे आणला आणि तिथे माप घेतलं. मंजुषाला कळलं की ती सकाळपासून पुढे एका दाताला मापत होती आणि मागे दुसऱ्याच. आता ब्लेड स्थिर झालं होतं म्हणून तेवढा फरक पडणार नव्हता, पण तरी. तिला स्वतःचाच इतका राग आला की ती पाना घेऊन मशीनखाली आडवी झाली.

वरून तो लाकडी ठोकळ्याने टेबलाला बारीक बारीक ठोकत होता. आवळा म्हणाला की ती आवळायची, थांबा म्हणाला की थांबायची. दोनदा चुकलं. एकदा पाना निसटून तिच्या हनुवटीवर पडला, ती करवादली, तो वरून म्हणाला, लागलं का, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण रागावलेलो आहोत, म्हणून लगेच गप्प झाला. खाली तोंडावर भुसा पडत होता. पण खाली एक बरं होतं, तिथून त्याचं तोंड दिसत नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली, "आतल्या वायसरला कुंकू होतं. दसऱ्याचं. मी लावलेलं."

वरची ठकठक थांबली.

"बघितलं मी," तो म्हणाला. "फडकं तुमच्या पायापाशीच आहे, वैनी. भुसा काय लाल नसतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलताय का ते बघत होतो."

तिने तोंडावरचा भुसा पुसला. मग म्हणाली, आता कळलं ना मशीनचंच होतं, मग उरणला कशाला जाता. तो म्हणाला की मशीनमुळे चाललो नाहीच आहे. ब्लेड डुललं तर माणूस दुसरं बसवतो. "तुम्ही मला घरी बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. नेहमी ऐकतोच. आजींसमोर, त्यांच्या पाहुण्यांसमोर बोललात. माझा हात वाकडा म्हणून. उद्या मी इथे उभा राहिलो तर प्रत्येक देव्हारा बघताना त्या माझ्या हाताकडे बघणार."

 सॉरी म्हटलं असतं तर ते इथेच, मशीनखाली, दोघांत राहिलं असतं. त्याला ते पुरणार नव्हतं, आणि खरं तर ते तिलाही कळत होतं. तिने शेवटचा बोल्ट आवळला. त्याने माप घेतलं, पुढे, मागे. जुळलं. ब्लेड फिरवून घेतलं, जुळलं. तिला आनंद पण होईना.

ती मशीनखालून बाहेर आली, केसात भुसा, हनुवटीला काळं, एका पायात चप्पल. मागच्या दाराशी गेली. आजी सुकटीची पाटी उचलून आत निघाल्या होत्या, सून अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती आणि सुनेची आई अजून मुक्कामाला होतीच, पायरीवर चहा पीत. मंजुषाला वाटलं, या बाईला सकाळीच जायला काय झालं होतं. पण आता थांबली असती तर परत जमलं नसतं.

"आजी," ती मोठ्याने म्हणाली, जेवढ्या मोठ्याने परवा बोलली होती तेवढ्याच, "परवा मी रणजीतला बोलले ना, ते खोटं होतं. त्याचा हात एकदम सरळ आहे. मशीन मी बिघडवलं होतं. दसऱ्याला वायसरमध्ये कुंकू आणि तांदूळ भरले मी. तो मला रोज सांगत होता आणि मी ऐकत नव्हते."

सुनेची आई चहाचा कप धरून तशीच. सुनेच्या हातात सुकलेली चादर. आजींनी पाटी खाली ठेवली.

"तांदूल?" त्या म्हणाल्या. "मशीनीन?"

"हो."

"अगो, मशीनीला नवरी समजली व्हतीस का तू?" आजी म्हणाल्या, आणि मग शेडच्या दारात उभ्या असलेल्या रणजीतकडे बघून, "पोरा, हिने तुला उगाच झापला व्हता. मना तवाच वाटला व्हता. तू काय मनाला लावून घेव नको. पन माजी दारां नवीन पायजेत हां. ती जललेली मना नको."

रणजीत मागे वळला आणि शेडच्या पलीकडे, जिथे रेंज येते तिथे जाऊन फोन लावला. मंजुषा शेडमध्ये येऊन खिडकीतून बघत होती. त्याने फोन कानापासून लांब धरला, म्हणजे समोरून मित्र चांगलाच तापला असावा. मग हा हळू आवाजात काहीतरी समजावत राहिला, मान हलवत राहिला. वेळ लागला.  याला तिथे आधीच हो म्हणून झालं असेल, आता ते सोडणार नाहीत, असं सगळं तिच्या डोक्यात येऊन गेलं.

तो आत आला. सॅकमधून हातोडा काढून फळीवर ठेवला.

"काय म्हणाला?"

"शिव्या घातल्या. त्याने साहेबाला माझं नाव देऊन ठेवलं होतं."

"मग?"

"मग काय. खाल्ल्या."

त्याने प्लग लावला. गॉगल चढवला, एक तुकडा गाईड पट्टीला लावला आणि सरकवला. आवाजच वेगळा आला, एकसारखा, मध्ये कुठे कण्हणं नाही. तुकडा त्याने तिच्या हातात दिला. कड गुळगुळीत, सागवानाच्या स्वतःच्या रंगाची. तिने बोट फिरवलं आणि तिला त्या तुकड्याचाच राग आला. इतके दिवस हे असं निघू शकत होतं.

"आता दारांचं बघा," तो म्हणाला. "दोन्ही नवीन लागणार. लाकूड तेवढं नाहीये. उद्या सकाळी वखारीत जाऊन फळ्या आणायला लागतील."

"मग जा की."

"मी? मी कापणार. तांदूळ कोणी भरले होते?"

"माझी चप्पल तुटलीय भावजी."

"मशीनला लाथ कोणी मारायला सांगितली होती?"

तिने विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं. त्याने मागच्या दाराकडे बोट केलं. आजी तिथे परत खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि सुनेच्या आईला अगदी सुरुवातीपासून, पाना भुशात फेकला तिथपासून, सगळं रंगवून सांगत होत्या. मंजुषा तोंड उघडणार होती. मग तिने झाडू घेतला आणि मशीनखालचा भुसा, ते लाल फडकं, सगळं जोरजोरात बाहेर लोटायला लागली, आणि रणजीत मागून सांगत राहिला की वैनी हळू, माप हलेल.